पाय थांबतील तिथून दुकान

आमच्या भाऊजींइतकं लोकांकडे टक लावून पाहिलेला माणूस उभ्या छिंदवाडा जिल्ह्यात झाला नसेल, आणि इतकं पाहूनही त्यांनी आयुष्यात कधी कोणाचा मार खाल्ला नाही, याचं मला अजून नवल वाटतं. माझी भाची, म्हणजे त्यांचीच मुलगी, पुण्याच्या एका कंपनीत वेबसाइटवर लोक कसे वागतात ते पाहायची नोकरी करते. कोणतं बटण कोणाला सापडत नाही, माणूस कुठल्या पानावर घुटमळतो, कुठून कंटाळून परत फिरतो, हे पाहायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. तिनं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला इतकं हसू आलं की फोन हातातून सुटला. अगं, हेच काम तुझ्या बापानं ऐंशीच्या दशकात पांढुर्ण्याच्या रस्त्यावर उभं राहून फुकटात केलं आणि वरून घरच्यांची बोलणी खाल्ली! फरक एवढाच की तेव्हा वेबसाइट नव्हत्या. बस स्टँड होता, लग्नं होती, ताईचं स्वयंपाकघर होतं आणि एक किराणा दुकान होतं.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरचं पिढीजात दुकान, गावाबाहेर संत्र्याचा बगीचा, आणि अंगकाठी अशी की शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा. मी तेव्हा सौसरच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते आणि सुट्टी मिळाली की बस पकडून पांढुर्ण्याला ताईकडे पळायची. मेव्हणी असल्यामुळे त्यांची थट्टा करायचा माझा हक्कच होता, आणि तो मी कधी वाया घालवला नाही. त्यांना राग यायचा नाही. यायला वेळच नसायचा, कारण मी बोलत असताना त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या कोणावर तरी खिळलेली असायची.

मला परतीच्या गाडीत बसवून द्यायला ते स्टँडवर यायचे आणि त्यांच्यामुळे माझी गाडी हमखास चुकायची. स्टँडवर गाड्यांच्या वेळांचा भला मोठा फळा होता. एकदा मी पिशवी सावरत गाडीकडे धावले, तर यांनी मला दंडाला धरून थांबवलं. "जाऊ दे गाडी. तो धोतरवाला बुवा पाह्य आधी." तो बुवा फळ्यापुढे उभा राहून ओळीवर बोट फिरवत सगळं वाचत होता. वाचून झाल्यावर तो खिडकीपाशी गेला आणि त्यानं विचारलं, "नागपूरची गाडी कितीले हाय?" खिडकीतल्या माणसानं फळ्यावरचीच वेळ सांगितली. बुवानं मान डोलावली, पानठेल्यावर जाऊन पुन्हा तेच विचारलं, आणि मगच निवांत बिडी पेटवली. भाऊजी आनंदानं जागच्या जागी उड्या मारायचे बाकी होते. "पाह्यलं? वाचलेलं मानसाले कोनाच्या तरी तोंडून ऐकाचं असते! त्याबिगर ते खरं वाटत नाही!" तोवर माझी गाडी तिगावच्या पुढं गेली असेल.

त्यांची तत्त्वं मोजकी होती, पण ती ते भजन म्हणावं तशी पुन्हा पुन्हा म्हणत. पहिलं म्हणजे, "लोकायले इचारू नोको. इचारलं का मानूस शहाना होऊन बोलते. नुसतं पाह्य." आणि दुसरं म्हणजे, "मानूस नाही चुकत. समोरची वस्तू चुकते." शाळेत मुलं गणितं चुकवतात त्याचं काय, असं मी एकदा विचारलं. "मंग तू चुकून राह्यली," ते म्हणाले आणि वरणाची वाटी पुढं केली. गोटमारीच्या दिवशी, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दोन गावं झेंड्यासाठी एकमेकांवर दगड फेकतात त्या दिवशी, सगळं गाव जाम नदीतल्या झेंड्याकडे डोळे लावून बसलेलं असायचं, आणि आमचे भाऊजी सावरगावच्या बाजूच्या एका ओट्यावर नदीकडे पाठ करून उभे. त्यांना गर्दी पाहायची असायची. बायका कुठल्या सावलीत थांबतात, मागून आलेला माणूस पुढं घुसताना आधी कोणता खांदा घालतो, हे सगळं ते मला घरी आल्यावर अंगविक्षेपांसह करून दाखवायचे. यंदा झेंडा कोणी नेला, असं विचारलं तर त्यांना पत्ता नसायचा.

आता या माणसानं बाहेरच्यांना पाहावं, त्याला कोणाची ना नव्हती. पण एका उन्हाळ्यात त्यांनी पाट मांडून स्वयंपाकघरात बैठक घातली आणि ताईला पाहायला सुरुवात केली. "अवो, मी काय सर्कशीतली बाई हाओ का?" ताई ओरडायची. भाऊजी पाट आणखी पुढं सरकवायचे. बऱ्याच सकाळी पाहिल्यावर त्यांना असा शोध लागला की चहा करताना ताईचा हात मिठाच्या डब्यावरून वळसा घालून साखरेच्या डब्याकडे जातो. हा वळसा त्यांना सहन होईना. ताई न्हाणीत असताना त्यांनी दोन्ही डब्यांची जागा बदलली, तिला सोयीचं व्हावं म्हणून. त्याच दिवशी लोधीखेड्याहून ताईच्या सासऱ्यांचे पाहुणे आले. ताईनं सवयीनं हात घातला आणि चहात दोन-दोन चमचे मीठ पडलं. पाहुणे इतके सभ्य की त्यांनी कप रिकामे केले, एकानं तर "गळ्याले चांगला हाय" असंही म्हटलं. सासऱ्यांनी मात्र पहिल्याच घोटाला अंगणात धाव घेतली. आणि भाऊजी? ते टाळ्या पिटत होते. "पाह्यलं? डबा हालला पन हात नाही हालला! हाताले आपली आपली आठोन असते!" ताईनं त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्याशी अबोला धरला. त्या काळात ते तिची अबोल्याची पद्धतही पाहत होते, असा माझा संशय आहे.

पुढं लोधीखेड्याच्याच एका लग्नात आमच्या भागातलं पहिलं बुफे जेवण झालं. टेबलांवर भांडी मांडलेली, बाजूला ताटांची चळत, वरपक्षाचे लोक सूट घालून "घ्या, घ्या" करताहेत. पाहुण्यांनी ताटं घेतली आणि सरळ मांडवात जाऊन मांडी घालून ओळीत बसले. पंगत झाली. वाढायला कोणी येईना तेव्हा म्हातारी मंडळी ताटं वाजवू लागली, आणि शेवटी सूटवाल्यांना कोट काढून, बादल्या उचलून वरण-भात वाढत फिरावं लागलं. भाऊजी इतके हरखले की स्वतः जेवायचे राहिले. घरी येईपर्यंत बसमध्ये ते दर थोड्या वेळानं माझ्याकडे वळून म्हणत होते, "लोकायनं बुफ्याची पंगत करून टाकली वो! करून टाकली!" इतकं सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुढं स्वतःच्याच दुकानात काय करून बसला, ते ऐका.

त्या वर्षी पोळ्यानंतर ते नागपूरला माल आणायला गेले आणि तिथं त्यांनी एक मोठं दुकान पाहिलं. त्यात काउंटरच नव्हता. लोक आत जात, हातानं वस्तू उचलत, टोपलीत टाकत आणि जाताना पैसे देत. भाऊजी परतले ते ताप चढलेल्या माणसासारखे बडबडत. काउंटरमागं बसून त्यांना गिऱ्हाइकाचं फक्त तोंड दिसायचं, आता अख्खा माणूस चालताना, थांबताना, वळताना दिसणार होता! ताईच्या सासऱ्यांच्या, म्हणजे स्वतःच्या वडिलांच्या, मागं लागून, त्यांना वैताग आणून त्यांनी होकार मिळवला. आज्याच्या वेळचा सागवानी काउंटर उखडून गोदामात गेला. त्यामागची सासऱ्यांची गादीही गेली. डाळ, साखर, चहापत्तीच्या पुड्या बांधून फळ्यांवर रचल्या. सामान घ्यायला दारात संत्र्याच्या रिकाम्या, बांबूच्या टोपल्या ठेवल्या आणि वर पाटी लावली: आत या, हातानं घ्या. उद्घाटनाला मी खास रजा काढून गेले.

पहिल्या दिवशी एक माणूस आत आला नाही. गिऱ्हाइकं येत होती, नाही असं नाही. पण ती पूर्वी जिथं काउंटर होता नेमकी तिथं येऊन थांबत, त्या रिकाम्या जागेच्या अलीकडे, आणि आतल्या फळ्यांकडे पाहून ओरडत, "पाव किलो तूरडाळ द्या!" एकानं तर नेहमीच्या सवयीनं कोपर टेकवायला नेलं आणि हवेतच तोल जाऊन तो टोपल्यांवर पडला. उठल्यावर त्यानं त्या टोपल्या न्याहाळल्या आणि विचारलं, "ह्या कितीले देल्या?" दिवसभरात टोपल्यांना भरपूर मागणी आली. डाळीला हात लावायला कोणी तयार नव्हतं. दुसरा कुठलाही दुकानदार चिडला असता, पण भाऊजी साखरेच्या पोत्याआड बसून आनंदानं माझा हात दाबत होते. "पाह्यतं का? कोनीच आत नाही येऊन राह्यलं! कोनीच नाही!"

"भाऊजी, दुकान तुमचंच आहे ना?" मी विचारलं.

"त्याचं नंतर पाहू," ते म्हणाले.

मग हळूहळू काही धीट मंडळी आत यायला लागली, आणि त्यातून जे झालं ते अजून पांढुर्ण्यात सांगतात. आपल्याकडे दुकान म्हणजे बाहेर उभं राहायची जागा. आत शिरायचं म्हणजे ते घर झालं, आणि घरात शिरताना माणूस चपला काढतो. दारात चपलांचा ढीग साचला. आत आलेले लोक परक्या घरात असल्यासारखे हात बांधून, दबक्या आवाजात बोलत फिरत. सावरगावचे एक ओळखीचे गृहस्थ रस्त्यानं जात होते. त्यांनी पाहिलं तर दारात चपलांचा ढीग, आत शांतता, आणि जिथं ताईचे सासरे उभा जन्म बसले ती गादीच नाही. काय समजायचं ते समजले. त्यांनी चपला काढल्या, आत येऊन साखरेच्या पोत्यावर बसले आणि गमछा तोंडाला लावला. त्यांना पाहून आणखी कोणी आले, तेही बसले. ताईला वाटलं ही सासऱ्यांची माणसं, तिनं सगळ्यांना पाणी दिलं. बिनचहाचं पाणी म्हटल्यावर उरलीसुरली शंकाही फिटली. आणि इतक्यात ताईचे सासरे अंघोळ करून, पंच्यानं डोकं पुसत आतून आले.

"काहून बसले बा सारे?" त्यांनी विचारलं.

सावरगावचे गृहस्थ ताडकन उठले. "सेठ! तुमी हाय?"

"मंग कुठी जाऊ?"

शेवटी त्या गृहस्थांनी टोपली उचलली, लाजेकाजेस्तव दोन किलो साखर आणि एक झाडू घेतला आणि ते निघून गेले. भाऊजी पोत्याआड पोट धरून लोळत होते. मी हसून हसून रडत होते. सासरे हसले नाहीत. स्वतःच्या मयतीला आलेली माणसं पाहिल्यावर कोण हसेल? त्यांनी भाऊजींना बाहेर ओढलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "दिवाळीपर्यंत. दिवाळीच्या साफसफाईले काउंटर जागच्या जागी लागला पाह्यजे. गादीवर मी बसतो, अन तू जातं बगीच्यावर. कायमचा."

भाऊजींचा चेहरा मी पहिल्यांदाच उतरलेला पाहिला. बगीचा वाईट नव्हता, संत्र्याला आंबिया बहार चांगला यायचा, मोकळी हवा होती. रात्री जेवताना मी त्यांना तसं समजवायला गेले. ते ताटातल्या भाकरीकडे पाहत राहिले. "झाडायकडे पाहून मी काय करू वो?" ते म्हणाले. "झाड तं कधी घुटमळत नाही." दुकान गेलं तर हा माणूस आतून बंद पडेल, हे मला आणि ताईला तेव्हा लख्ख दिसलं.

मग भाऊजी चंग बांधून कामाला लागले. पाटी मोठी केली. टोपल्यांना "विकणे नाही" अशा चिठ्ठ्या लावल्या, तर लोक म्हणाले, मग ठेवल्या कशाला? दारात हलवा वाटून पाहिला, लोकांनी तो बाहेर उभं राहून खाल्ला. सासरे गोदामात जाऊन सागवानी काउंटरावरची धूळ झटकू लागले होते.

बाजाराच्या दिवशी मी नेमकी तिथं होते. भागामाय आली. भागामाय म्हणजे बौद्ध वस्तीतली म्हातारी, कापूस वेचायला जायची, आवाज खणखणीत, आणि समोरच्याला उत्तर देताना तिनं कधी उधारी ठेवली नाही. दर बाजाराला ती सामान न्यायला यायची. बाकीची गिऱ्हाइकं काउंटरच्या जागी थांबत, पण ती तिथवरही येत नसे. रस्त्याच्या कडेच्या नालीपलीकडे, निंबाच्या झाडाखाली उभी राहायची आणि तिथूनच मीठ, चहापत्ती, काडेपेटी असं ओरडून सांगायची. भाऊजी तिला लहानपणापासून तिथं उभं पाहत आले होते. त्यांचा कयास असा की तिला सावली आवडते. आता काउंटर गेला, ढग आले, सावली-उन्हाचा प्रश्नच राहिला नाही, तरी ती तिथंच. भाऊजी साबणांच्या खोक्याआडून बराच वेळ पाहत होते. मग अचानक उठले आणि त्यांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. ते नाली ओलांडून गेले आणि त्यांनी विचारलं. मी मागोमाग गेलेच.

"भागामाय, एक इचारू का?"

"इचार ना बाबू," ती म्हणाली. "इतके वर्सं नुसता पाहूनच राह्यला. मले वाटलं, याले तोंडच नाही."

मी फस्सकन हसले. भाऊजींचे कान लाल झाले. "तुमाले मालूम होतं?"

"तू लोकायले पाह्यतं. तुले पाह्यनारे आमी."

"मंग सांगा ना. काउंटर तं मी काढला. तुमी आत काहून येत नाही?"

भागामायनं निंबाच्या बुंध्यावर हात ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला ते ऐकणं जास्त जड गेलं. "तुह्या आज्याच्या टायमाले आमाले इथंच उभं करे. तिकडून तो पुडा फेके, इकडून आमी पदरात झेलो. माही माय इथं उभी राहे, अन तिच्या बाजूले मी, एवढीशी. आता कोनी काही म्हनत नाही, बाबू. तुह्या बापानं कधी म्हटलं नाही का येऊ नोको. पन ये बी कोनी म्हटलं नाही. पाय इथवर आले का आपोआप थांबते. मी काय करू?"

भाऊजींनी मान खाली घातली. त्यांनी "पाह्यलं?" म्हटलं नाही, माझा हात दाबला नाही. भागामायनं मागितलेलं सामान त्यांनी स्वतः नेऊन तिच्या हातात दिलं आणि घरात जाऊन बसले. ताईनं जेवायला हाक मारली तर आले नाहीत. मला वाटलं, संपलं. आता भागामायला हात जोडून, मानानं आत बोलावतील, बाजारभर लोक बघत राहतील आणि म्हातारी संकोचानं पुन्हा फिरकायची नाही. मी तसं म्हटलंही. "खुळी हाय का तू?" ते म्हणाले. "बलावलं तं ती पाहुनी होईन. गिऱ्हाईक पाहुनी असते का कधी?" आणि मग त्यांच्या डोळ्यांत तो जुना, भलताच उजेड आला. ते ताडकन उठले. "पाय तिथं थांबते ना? मंग दुकान तिथून सुरू झालं पाह्यजे!"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून धूमधडाका. नालीवर फरशा पडल्या. दुकानापुढचा उंच ओटा फोडून रस्त्याशी सपाट उतार केला. निंबाच्या बुंध्याला लागून पहिली मांडणी उभी राहिली, मीठ, चहापत्ती, काडेपेट्यांची. तिथून चार पावलांवर दुसरी, मग तिसरी, अशी ती वाकडीतिकडी रांग दुकानाच्या पार आतपर्यंत गेली, आणि साबण-तेल सगळ्यात शेवटी. पाटी काढून टाकली. दारच राहिलं नव्हतं, तर पाटी कशाला? ताई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता गाई येऊन गूळ खातीन." गाई आल्याच. पण माणसंही आली! निंबाखाली थांबायची, समोर मीठ दिसलं की उचलायची, मग जरा पुढं काय आहे म्हणून सरकायची, आणि बघता बघता दुकानाच्या पोटात पोचायची. तिथं पोचल्यावर त्यांच्या लक्षात यायचं की अरे, पायात चपला आहेत! मग भर दुकानात वाकून चपला काढायची धडपड, आणि भाऊजी एका फळीवरून दुसरीकडे नाचत ओरडताहेत, "राहू द्या! राहू द्या पायात!" तो आठवडा मी शाळेला खोटं पोटदुखीचं कारण कळवून तिथंच काढला. इतकी मजा मी जन्मात केली नव्हती.

पुढच्या बाजाराला भागामाय आली आणि आपल्या जागी उभी राहिली. समोर मांडणी. तिनं मिठाच्या पुड्याकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं.

"हे काय होय?"

"दुकान."

"मंग मी आता आत हाओ का बाहेर?"

"तुमीच सांगा," भाऊजी म्हणाले.

तिनं मिठाचा पुडा उचलला, दाबून पाहिला, ठेवला, दुसरा घेतला. मग चहापत्तीचा वास घेतला आणि नाक मुरडलं. मग दुसऱ्या मांडणीपाशी जाऊन तूरडाळ हातावर घेऊन पाहिली आणि "खडे हायेत" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं जाहीर केलं. त्या दिवसापासून तिच्याइतकं चोखंदळ गिऱ्हाईक त्या दुकानाला मिळालं नाही. बाजारची अख्खी दुपार ती तिथं काढायची, प्रत्येक वस्तू हाताळायची, घ्यायची जेमतेम दोन-तीन. भाऊजी तिच्यासाठी डाळ पुन्हा निवडून घ्यायला लागले. ताई म्हणायची, माझं कधी इतकं ऐकलं नाही.

दुकानात आता गर्दी होत होती, पण सासऱ्यांनी शब्द मागं घेतला नव्हता. तो त्यांच्या बापाचा काउंटर होता. धनतेरसच्या आधी ते सुताराला घेऊन आले, दुकानात स्टुलावर बसले आणि माप घ्यायला सांगितलं. भाऊजी बाजूला उभे. सुतारानं टेप काढला. ताई पुड्या रचायच्या निमित्तानं तिथंच घोटाळत होती, मीही होते. त्या वेळी भागामाय आत, पार शेवटच्या मांडणीपाशी होती. दिवाळीच्या अंघोळीचा वासाचा साबण निवडत होती. दोन वड्या हातात घेऊन एकदा ही हुंगायची, एकदा ती. ठरेना. मग ती चालत सरळ सासऱ्यांपुढं आली.

"सेठ, तुमी सांगा. नातीसाठी घेऊन राह्यली. याचा वास चांगला का याचा?" असं म्हणून तिनं दोन्ही वड्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या.

ताईच्या हातातली पुडी तशीच राहिली. सासरे त्या वड्यांकडे पाहत बसले. मग त्यांनी एक नाकाशी नेली. मग दुसरी. मग पुन्हा पहिली.

"हा," ते म्हणाले, आणि ती वडी त्यांनी भागामायच्या हातात दिली.

"मलेबी हाच वाटला होता," भागामाय म्हणाली. "पन कोनाच्या तोंडून ऐकाचं होतं."

ती पैसे देऊन गेली. सुतार टेप धरून वाट पाहत होता. सासऱ्यांनी घसा साफ केला. "त्या सागवानाच्या मांडण्या कर," ते म्हणाले. "साबनासाठी. ह्या पाइनच्या झुकून राह्यल्या."

"अन काउंटर?" सुतारानं विचारलं.

"कोनाले पाह्यजे तो?" सासरे म्हणाले आणि उठून घरात गेले. भाऊजींनी मला गदागदा हलवलं, ताईला हलवलं, सुतारालाही हलवलं. पण डोळे पुसायला त्यांना झाडामागं जावं लागलं, आणि ते आम्ही पाहिलं, हे त्यांना कधी कळू दिलं नाही.

दुकान अजून आहे. निंब मात्र रस्ता रुंद करताना गेला. भागामाय त्याआधीच गेली होती. शेवटच्या दुखण्यात भाऊजी नागपूरला दवाखान्यात होते, तेव्हाही खाटेवर उशाला टेकून दाराकडे पाहत असायचे. भेटायला येणारे लोक उजवीकडे वळायचं तर डावीकडेच कसे वळतात, ते मला हळू आवाजात सांगायचे. पाटी चुकली आहे, डॉक्टरला सांग म्हणायचे. माझं सांगायचं राहून गेलं.

मागच्या दिवाळीत भाची सौसरला माझ्याकडे आली. मी आता रिटायर झालेली, चष्मा लागलेला. तिनं लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला. "मावशी, ही आमची नवी वेबसाइट. यावरून एक साबण मागव. मी काही सांगणार नाही, फक्त पाहीन." आणि ती हनुवटीला मूठ लावून समोर बसली. मी साबण शोधला, सापडला. मग पुढं काय करायचं ते कळेना आणि बोट एका जागी थांबलं.

"चुकलं का गं माझं काही?" मी विचारलं.

"तू नाही चुकत मावशी," ती म्हणाली. "तुझं बोट थांबलं ना, तिथं आमचं काहीतरी चुकलंय. थांब, हलू नको."

मी चष्म्यावरून वर पाहिलं. मान थोडी पुढं काढलेली, आणि डोळ्यांत तोच भलताच उजेड. बटण मला एव्हाना दिसलं होतं, उजव्या कोपऱ्यात होतं. पण मी बोट तिथंच ठेवलं, हलवलं नाही. ती पाहत होती तोवर भाऊजी माझ्यासमोर बसले होते.